खळ्यावरचा सराव

माझी नात बोर्डीच्या शाळेत सॉफ्टबॉल खेळायची, चेंडू फेकायचं काम तिचं. दिवाळीच्या सुट्टीत ती आमच्या खळ्यावर सराव करी. फेकताना तिचा मागचा पाय घासत जायचा आणि नुकत्या सारवलेल्या खळ्याला चर पडायचा. भात झोडायचं तोंडावर होतं. मी ओरडलो, "पाय उचलून टाक गं, नांगर धरलाय काय?"

"आजा, सरांनी घासतच न्यायला सांगितलंय."

"सर येणार काय सारवायला?"

मग ती पाय उचलून, पुढे टेकवून, तिथून जोर घेऊन फेकायला लागली. चेंडू आधीपेक्षा जोरात जाई. मला वाटलं, सरांना काय कळतंय.

पालघर जिल्हा नवा झाला होता, त्याच्या संघाची निवड डहाणूला होती. मीही गेलो. तिच्या फेकी अंपायर एकामागून एक बाद ठरवायला लागला, तसा मी भांडायला उठलो. तो म्हणाला, "काका, पाय जमिनीला घासत गेला तर चालतो. उचलून, पुन्हा टेकवून जोर घेतला तर नियमाबाहेर." तिने घासून बघितलं, पण लागलेली सवय सुटेना. तिची निवड झाली नाही.

एसटीत ती खिडकीकडे तोंड करून बसली. मी म्हटलं, "अंपायरच आंधळा होता." चूक माझी होती, एवढं बोलायला हवं होतं.

पुढे तिने खेळ सोडला. सर घरी विचारायला आले तेव्हा म्हणाली, "मलाच जमत नव्हतं." मी शेजारीच उभा होतो, आणि तेव्हाही गप्प राहिलो.