पाटावर राहिलेला चेहरा

बाबांच्या साठीच्या व्हिडिओची मूळ फाईल मी स्वतःच्या हाताने डिलीट केली. कॅमेऱ्याची टेप दुकानात कॉम्प्युटरवर उतरवतानाच तुटली होती, म्हणजे जगात तेवढी एकच प्रत. तासाभराचे तेरा जीबी! ते मी तीनशे एमबीत बसवले आणि दीक्षितपुऱ्यातल्या घरात दिवसभर छाती काढून फिरलो.

वर्षश्राद्धाची जेवणं आटोपल्यावर आई कॉम्प्युटरसमोर येऊन बसली. बाबांना चालता-हसताना बघायचं, एवढंच तिचं मागणं. फोटो तिला पुरत नव्हते.

बाबा आले ते गालफडं बसलेले, मान काडीसारखी. तोफांच्या फॅक्टरीतून निवृत्त झाले तेव्हा चांगले गरगरीत होते हो! हे तर शेवटच्या दोन महिन्यांतले बाबा, सिल्कचा सदरा घालून औक्षणाला बसलेले.

"यांना तेव्हाच लागलं होतं का रे ते दुखणं?" आईने हळूच विचारलं.

मी चित्र थांबवून जवळून पाहिलं. मग उमगलं. तो कॅमेरा रुंद चित्र दाबून साठवायचा. त्याचे ठिपके आडवे लांबट, कॉम्प्युटरचे चौरस, आणि मी फाईल करताना ते माप सांगायलाच विसरलेलो. प्लेअरमध्ये माप बदललं, बाबा भरले. आई हसली. "बघ, डॉक्टरांना जमलं नाही ते मी केलं," असंही मी बोलून गेलो.

औक्षण झालं. बाबा पाटावरून उठले, दाराबाहेर गेले. चेहरा मात्र गेला नाही. रिकाम्या पाटामागे, भिंतीच्या रंगात, डोळे आणि अर्धी मिशी तशीच. व्हिडिओतली काकू पाटासमोरून गेली, तर तिच्या पदराबरोबर ते डोळे सरकले.

"पापा, बंद करो ना," माझी मुलगी म्हणाली.

"काहून रे, हे तर गेले बाहेर," आई म्हणाली. "मग पाहून कोण राहिलं?"

मी समजावलं, की कॉम्प्रेशनमध्ये दर वेळी अख्खं चित्र ठेवत नाहीत, काय हललं तेवढंच टिपतात. मी इतकं आवळलं, की गेलेला माणूस पुसायलाही जागा उरली नाही.

"मग ते मोठंवालं लाव."

"पुसलं."

"काहून?"

"डिस्क भरत आली होती."

आई पडद्याकडे बघत राहिली. पडदाही तिच्याकडे.

"हे म्हणायचेच," ती शेवटी म्हणाली, "याला फॅक्टरीत चिकटवू नका. तोफेचं तोंड आपल्याच घराकडे करून ठेवेल."