ग्वेनबाईच्या फरशीवरचं पाणी

मी फरशी बसवणारा मिस्त्री, मले लिहिता येत नाही. मी सांगून राहिलो अन् माही सून लिहून राहिली. कुठी ढाळ चुकला तं तो माहा समजा, तिचा नाही.

महिना होत आला. ग्वेनबाईकडं स्वयंपाक करणारी ताराबाई सकाळीच सदर मोहल्ल्यातून माह्या घरी आली. दारातूनच म्हणाली, "मिस्त्री, बाई गेल्या." मी चहा पिऊन राहिलो होतो. म्हटलं, "गावाले काय? सांगूनही नाही गेल्या!" ताराबाईनं पदर डोळ्याले लावला, तवा माही ट्यूब पेटली.

बाई मिशनच्या दवाखान्यात नर्स होत्या. नोकरी संपल्यावर बाकीच्या गोऱ्या बाया आपापल्या देशाले निघून गेल्या, ह्या सदरमधीच भाड्याच्या घरात राहिल्या. मराठी त्या वॉर्डातल्या पेशंटांपाशी शिकल्या, म्हणजे आमच्यासारखीच. घरामागं फरशीचं अंगण होतं, ते सांभाळायचं काम माहं. दिवाळीच्या आधी शेवाळ खरवडायचं, होळी झाल्यावर सांधे चुन्यानं भरायचे.

पहिल्याच वर्षी मी त्याहीले इंग्रज म्हटलं. बाईनं झाडूच उचलला. "इंग्रज नोहोय गा मी! वेल्सची होय. आमची बोली येगळी. तुले कोणी पुण्याचा म्हटलं तं?"

"मंग तं भांडणच होईन, बाई."

"तसंच हाय हे."

आता वेल्स म्हणजे मले वाटलं वेलांचं गाव. बिचारीले गावाची याद येत असन, असा विचार करून, त्या चार दिवस कामठीले गेल्या तवा मी कोपऱ्यातल्या दोन फरश्या उपटल्या अन् तिथं दोडक्याचा वेल लावला. बाई आल्या. "हे काय होय?" मी छाती फुगवून म्हटलं, "तुमचं गाव!" समजल्यावर बाई एवढ्या हसल्या का पायरीवरच बसल्या. डोळे पुसत-पुसत सांगू लागल्या... गाव समुद्राच्या काठी, वीस-पंचवीस घरं. छपरं काळ्या दगडाचे, पोरांच्या पाटीसारखे, अंगणातही तोच दगड. सांध्यात गवत नाही, रेती भरते. त्याहीची माय रोज सकाळी रेती झाडे, अन् रोज वारा ते परत आणे.

"मंग झाडे कायले?"

"तू शेवाळ काहून काढतं गा दरसाल?"

मी वेलाले पाणी घालू लागलो.

दोडके संपले, वेल काढला, फरश्या परत बसवल्या. पण खालची माती भुसभुशीत. फरश्या दबल्या, ढाळ म्हणजे उतार बिघडला अन् धुतलेलं पाणी नालीकडं जायचं सोडून कोपऱ्यात थांबू लागलं, बोटभर. मिस्त्रीची इज्जत ढाळात असते. पाणी थांबलं का मिस्त्री संपला. मी ढाळ मोजायची पाणसळ घेऊन पोहोचलो, तं बाई खुर्ची टाकून त्या पाण्यात पाय सोडून बसलेल्या.

"राहू दे, मिस्त्री. समुद्र मागं सरला का आमच्या खडकात एवढंच पाणी राहते. लहानपणी आम्ही असेच पाय बुडवून बसत होतो."

"लोकं हसतात मले."

"हसू दे. मी तं कधीची हसून राहिली."

दहा-बारा वर्षं मी मागं लागलो. ज्याले-त्याले सांगत फिरलो, का एवढी फरशी नीट करू द्या, मंग माहा जीव गेला तरी चालन. बाईनं करू दिली नाही. एकदा इचारलं, "बाई, गावाले जावंसं नाही वाटत?" पाण्यात पाय हलवत राहिल्या. मंग म्हणाल्या, "तिकडं आता कोण ओळखते मले... पाय तं इथंही बुडतात ना, गा."

मागच्या आठवड्यात घरमालकानं बलावलं. नवीन भाडेकरू येणार, अंगण दुरुस्त पायजे. तापत्या उन्हात बादलीभर पाणी ओतून त्यानं मले तो कोपरा दाखवला. "पाहा! कोण्या गध्यानं बसवली हे फरशी?"

हातात पाणसळ होती, पिशवीत छन्नी होती. ज्या कामासाठी बारा वर्षं झुरलो, ते समोर होतं. अर्ध्या दिवसाचं काम.

"हाय एक, मालक. आमच्याच वस्तीतला," मी म्हटलं. "त्याले इचारल्याशिवाय हात लावणं बरं नाही. खाली काय करून ठेवलं, त्यालेच माहीत."

"मंग इचार त्याले!"

परवा तिकडून गेलो. मालकानं अंगण धुतलं होतं; कोपऱ्यात बोटभर पाणी होतं, दोन साळुंक्या आंघोळ करून राहिल्या होत्या. मालक दारातून ओरडला, "काय गा, भेटला काय तो गधा?"

म्हटलं, "शोधून राहिलो, मालक."