तवा का उचलला

"क्रिकेटवरून भांडलो. एवढंच सांगणार मी."

"तव्याने जबडा फोडलास तू त्याचा! क्रिकेटवरून?"

"फोडतात लोक."

"कुठले लोक, प्रज्ञेश?"

वॉलॉंगॉंगच्या त्या एका खोलीत क्षितिजाचा धाकटा भाऊ सिंकपाशी उभा राहून बाही घासत होता. डाग रूममेट निनादच्या रक्ताचा, निघता निघत नव्हता. सकाळच्या ट्रेनने तो सिडनीतल्या पेंडल हिलहून थेट बहिणीकडे पळून आला होता. निनाद हॉस्पिटलमध्ये होता आणि पोलिसांनी फोनवर बजावलं होतं, दुपारी जवळच्या ठाण्यात हजर हो.

भुसावळच्या रेल्वे क्वार्टरमध्ये, वडिलांच्या, दादाराव फिटरच्या घरी ही दोघं वाढली. भिंतीवर बुद्ध, शेजारी बाबासाहेब. प्रज्ञेश सिडनीत सॉफ्टवेअरमध्ये लागला आणि पुण्याच्या निनाद-सलिलबरोबर फ्लॅटमध्ये राहू लागला. आडनावावरून काही कळत नव्हतं. त्यांनी विचारलं नाही, यानं सांगितलं नाही. उलट गणपतीत आरत्या याच्याच तोंडपाठ. उकडीचे मोदक तर असे वळायचा की निनादची आई व्हिडिओ कॉलवर म्हणायची, "आमच्या ठोंब्याला शिकव रे जरा!"

क्षितिजा इथल्या युनिव्हर्सिटीत मानसशास्त्रात पीएचडी करत होती. अमेरिकेतल्या काळ्या अभ्यासकांनी आपल्या माणसांच्या मनाच्या पायऱ्या मांडल्यात. आधी माणूस गोऱ्यांचंच जग खरं मानतो. मग एक तडाखा बसतो. मग तो संतापाने आपल्या माणसांत बुडी घेतो, आणि शेवटी कधीतरी स्वतःच्या कातडीत निवांत राहू लागतो. याच पायऱ्या ती इथल्या बौद्ध मराठी मुलांना लावून बघत होती. पहिल्या पायरीचं उदाहरण शोधायला तिला घराबाहेर जावं लागलं नव्हतं.

काल संध्याकाळी तिने नेहमीसारखा फोन केला. प्रज्ञेश तिघांच्या पोळ्या करत होता, हात कणकेचे, म्हणून फोन स्पीकरवर.

"जय भीम, प्रज्ञू!"

निनाद जेवता जेवता थांबला. उठला, आणि पोळ्यांचा डबा त्याने सरळ कचऱ्यात पालथा केला. "तरीच," म्हणाला. "दोन वर्षं माझ्या आईला मोदक दाखवत होतास होय रे?" आणि मग तो शब्द, जो दादारावांनी भुसावळात जन्मभर ऐकला होता.

तापलेला तवा हातात कधी आला ते प्रज्ञेशलाही कळलं नाही. पहिला घाव जबड्यावर. फरशीवर दात. निनाद कोसळला तरी दुसरा, तिसरा, कानावर, खांद्यावर. कातडी जळल्याचा वास सुटला. सलिलने मागून कव घालून ओढलं नसतं तर तो थांबला नसता.

"खरं कारण सांग," क्षितिजा म्हणाली. "जातीवरून बोलला म्हण. वकील बघू आपण."

"आणि ऑफिसात? ग्रुपवर? प्रत्येक मराठी घरात कळेल. जेल परवडेल, ताई. हे नाही."

"हीच ती दुसरी पायरी..." तिच्या तोंडून निघून गेलं.

चहाचा मग तिच्या कानाजवळ भिंतीवर फुटला. गालावर रक्ताची रेघ उमटली.

"माझ्या तळहाताची सालं निघालीत आणि तू पायऱ्या मोजतेस? तिसरीवर काय, अजून एकाला फोडू? तुझ्या त्या काळ्यांचा रंग दारातून बाहेर पाऊल टाकताच दिसतो, ताई! त्यांना लपवता येत नाही. मला येतं. दोन वर्षं लपवून दाखवलं मी. कमाई आहे ती माझी."

"कचऱ्यात गेली ना काल तुझी कमाई!"

"तू ते जय भीम घातलं नसतंस तर..."

तिने खाड्कन मुस्कटात ठेवून दिली. "बापाने शिकवलेलं बोलले. त्याची माफी मागू?"

त्याने तिचं मनगट पकडून असं पिरगाळलं की ती गुडघ्यांवर आली. मग त्याच्या तळहातावरचा फोड फुटला, तिच्या मनगटावर ओल पसरली, आणि त्याने हात सोडला.

खाली बसल्या बसल्या तिला जाणवलं, हा तडाखा याला एकदा बसावा असं आपल्याला कित्येक दिवस वाटत होतं. तो तडाखा हा दुसऱ्याला हाणेल, हे मात्र मनातही आलं नव्हतं.

प्रज्ञेशने जॅकेट चढवून बाही झाकली. बूट घातले.

"प्रज्ञू, तिथे काय सांगणार आहेस? क्रिकेट, की खरं?"

भाजलेल्या हाताने दाराची मूठ फिरेना. त्याने डाव्या हाताने दार उघडलं आणि तो जिना उतरू लागला.