पक्कडचा अंगठा

त्याला सगळे पक्कड म्हणत. घट्ट बसलेला नट तो पाना न लावता नुसत्या बोटांनी सोडवायचा, म्हणून. खरं नाव हजेरीपटावर होतं, तिथेच राहिलं.

आम्ही एकाच कारखान्यात होतो. मी फिटर, तो ओतकामाच्या शेडमध्ये. साच्यातून निघालेल्या ओतीव भागांच्या कडा हातातल्या ग्राइंडरने साफ करायच्या, हे त्याचं काम. अठ्ठावीस वर्षं केलं. दिवसाचे सहा तास ग्राइंडर हातात थरथरत असायचा. त्या शेडची एक रीत होती. भाग घासून झाला की हातमोजा काढायचा आणि कडेवरून उघडा अंगठा फिरवायचा. खुपलं तर पुन्हा घासायचं. डोळ्यांवर कोणी विसंबत नसे. पक्कडचा अंगठा फिरलेला भाग माझ्याकडे आला तर मी तो तपासत नसे. बाकी सगळ्यांचे तपासायचो.

नोकरीच्या सव्विसाव्या वर्षी त्याची बोटं थंडीत पांढरी पडू लागली. मग मुंग्या येऊ लागल्या. मग त्याही थांबल्या. कारखान्याच्या डॉक्टरने टाचणी टोचून पाहिली आणि कागदावर लिहिलं, थरथरीने बोटं बधिर झाली आहेत, या माणसाच्या हातात ग्राइंडर देऊ नये. दुसरं काम त्यांच्याकडे नव्हतं. पक्कड घरी बसला.

तीन वर्षं बसला. सकाळी पाळीच्या वेळेला उठायचा, दाढी करायचा, बूट घालायचा आणि खुर्चीवर बसायचा. मी शेजारच्या खोलीत राहतो, येता-जाता दिसायचं. काय चाललंय विचारलं तर म्हणायचा, "हे आपलं." वहिनी घरीच कपडे शिवायच्या. मशीनचा आवाज दिवसभर असायचा. त्याचा आवाज नसायचा.

मागच्या गल्लीत एक गॅरेज आहे. मालक पूर्वी आमच्याच कारखान्यात वेल्डर होता. सामान लादून चढावर जाणारे लोक त्याच्याकडे जुन्या, लहान मोटरसायकली आणतात. तो जुना ब्लॉक-पिस्टन काढून मोठा बसवतो, गाडीला दम येतो. त्याला हाताखाली माणूस हवा होता. पक्कडला तो म्हणाला, "तुझी शंभर सीसीची गाडी आहे ना? तिचं इंजिन घरी वाढव. गॅरेजमधलं कोणी हात लावणार नाही. मग दोघं बसून पाण्याच्या टाकीच्या चढावर जाऊ. तिसऱ्या गिअरमध्ये चढली तर कामाला ये."

पक्कडने मला हे सांगितलं तेव्हा चेहऱ्यावर काही नव्हतं. पण त्या दिवशी तो खुर्चीवर बसला नाही.

"हातांचं सांगितलंस त्याला?" मी विचारलं.

"त्याने विचारलं नाही."

इंजिन उतरवून तो आत घेऊन आला आणि ओट्याशेजारच्या टेबलावर ठेवलं. वहिनींनी मशीन थांबवलं.

"अहो, मी स्वयंपाक आता गॅरेजमध्ये जाऊन करू का?"

"आठ दिवसांचं काम आहे."

"तीन वर्षांत एक पंखा पुसला नाहीत आणि आठ दिवसांत इंजिन?"

त्याने जुन्या चादरीचे तुकडे अंथरले आणि पाने ओळीने मांडले.

काम कसं केलं ते सांगतो. मोठा ब्लॉक, म्हणजे पिस्टनचं नळकांडं, खाली इंजिनच्या पेटीत बसतो; त्या पेटीला केस म्हणतात आणि तिचं तोंड जुन्या मापाचं असतं. ते सगळीकडून घासून मोठं करावं लागतं. बरेच जण तोंडात चिंधी कोंबतात आणि वरून घासतात. चुरा आत जातो, बेअरिंग खातो, आणि सहा महिन्यांनी नशिबाला बोल लावत बसतात. पक्कडने केस पूर्ण खोलली. क्रँक, गिअर, सगळं काढून डब्यांत ठेवलं, डब्यांवर चिठ्ठ्या लावल्या. रिकामी केस पुन्हा बोल्टांनी आवळली, ब्लॉक वर ठेवून पेनाने रेघ मारली आणि घासायला बसला. एवढ्याने कामाचे दोन दिवस वाढले. ते त्याने मोजले नाहीत.

छोटा ग्राइंडर माझ्याकडून नेला होता. देताना मला डॉक्टरचा कागद आठवला. तरी दिला.

दोन दुपारी घासत होता. रेघेच्या बाहेर तसूभरही गेला नाही. हात तोच होता. तिसऱ्या दुपारी मी गेलो तेव्हा ग्राइंडर बंद करून तो तोंडाच्या कडेवरून अंगठा फिरवत होता. एक फेरी, दुसरी फेरी.

"गुळगुळीत," म्हणाला.

मग ब्लॉकखाली बसवायचं कागदी पॅकिंग त्याने उचललं आणि केसवर धरून पाहिलं. पॅकिंगवर लाल ठिपका पडला. मग दुसरा. त्याने ठिपक्याकडे पाहिलं, केसकडे पाहिलं, माझ्या हातांकडे पाहिलं.

"मिस्त्री, तुला लागलंय."

"मला नाही, तुला."

त्याने अंगठा उलटा केला. पेरावर लांब चीर होती, चांगली खोल. तो ती बघत राहिला, जशी कोणा दुसऱ्याचीच असावी. रक्त चादरीवर टपकत होतं आणि तो हललासुद्धा नाही.

केसच्या कडेला धार राहिली होती. डोळ्यांना दिसेल अशी नव्हती. पण अशी धार पुढे कधीतरी तुटते आणि तेलातून इंजिनभर फिरते. ती ओळखायला एकच उपाय त्याला माहीत होता, आणि तो उपाय आता प्रत्येक गोष्टीला गुळगुळीत म्हणत होता. शेवटची दोन वर्षं कारखान्यात हेच झालं असणार. मी ते भाग न तपासता पुढे पाठवले होते. हे मी त्याला बोललो नाही. त्यालाही कळलं असावं.

वहिनींनी कापड आणून त्याचा अंगठा बांधला. मग न विचारता स्वतःचा अंगठा कडेवर ठेवला आणि हळूहळू फिरवला.

"इथं खुपतंय. इथं नाही. इथं मांजराच्या जिभेसारखं लागतंय."

"पेनाने खूण कर," तो म्हणाला.

त्यांनी कपड्यावर आखायच्या खडूने खुणा केल्या. तो कानस घेऊन बसला. खूण पुसली जाईपर्यंत घासायचा, त्या पुन्हा अंगठा फिरवायच्या. अकरा फेऱ्या झाल्या. वहिनी मधे एकदा म्हणाल्या, "भावजी, ह्यांना आयुष्यभर सांगत आले तेवढं कधी ऐकलं नाही. आज बरे प्रत्येक खुणेला मान डोलावताहेत." मी हसलो. पक्कड कानशीवरून नजर न काढता म्हणाला, "पुढची फेरी."

पुढचं कामही तसंच झालं. पिस्टनची पिन जागेवर राहावी म्हणून तिच्या दोन्ही टोकांना तारेची बारीक कडी बसवतात, तिला लॉक म्हणतात. ती खाचेत नीट बसली की बोटाला कळतं. नाही बसली तर चालत्या गाडीत निसटते, ब्लॉक चिरते, आणि गाडी जिथे असेल तिथे जाम होते. पक्कडने लॉक बसवलं आणि हात मागे घेतला. वहिनींनी नख लावून दाबलं.

"बसलं."

"ऐकू आलं की लागलं?"

"बोटाला लागलं. टक झालं."

"दुसरं बघ."

हेडचे, म्हणजे इंजिनच्या वरच्या झाकणाचे नट त्याने माझ्या टॉर्क पान्याने आवळले. तो ठरावीक जोराला आवाज करतो, बोटांचं काम नसतं. एरवी म्हणाला असता, पक्कडला पाना दाखवतोस? त्या दिवशी गुपचूप घेतला.

आठ दिवसांचे अठरा झाले. इंजिन तिसऱ्या किकला सुरू झालं. नव्या पिस्टनवर लगेच भार टाकायचा नसतो, म्हणून तो पाचशे किलोमीटर चाळीसच्या आत चालवत राहिला. रोज सकाळी निघायचा, गोदामांच्या रस्त्याला फेऱ्या मारायचा, जेवायला यायचा. रिक्षावालेही पुढे जायचे. मग त्याने तेल बदललं. जुनं तेल आम्ही पांढऱ्या ताटलीत ओतून उजेडात पाहिलं. धातूचा एकही कण नव्हता.

त्या शनिवारी टाकीच्या चढावर मालक त्याच्या मागे बसला. मालक अंगाने भरलेला आहे. गाडी तिसऱ्या गिअरमध्ये वर गेली, वळून आली, पुन्हा गेली. मालक उतरून म्हणाला, "पक्कड, मला घेऊन चढली म्हणजे हत्ती घेऊनही चढेल. सोमवारी ये."

रविवारी मी त्यांच्याकडे बसलो होतो. वहिनी शिवता शिवता म्हणाल्या, "उद्या तिथं अंगठा कोणाचा फिरवणार?"

"बघू."

"बघू काय? लॉक नीट बसलं नाही आणि उतारावर कोणाची गाडी जाम झाली, तर?"

त्याने बूट पुसायला घेतले.

"मी रोज तिथं येणार नाही. घरातलं होतं म्हणून केलं."

"तुला ये म्हटलंय कोणी?"

"नाही म्हटलं. म्हणून तर विचारते."

सोमवारी मी त्याच्याबरोबर गेलो. मला तिथे काम काही नव्हतं. मालकाने पहिलंच इंजिन त्याच्यापुढे ठेवलं, पिस्टन आणि लॉक हातात दिले. पक्कडने लॉक चिमटीत धरलं, थोडा वेळ धरून ठेवलं आणि खाली ठेवलं.

"मला बोटांना कळत नाही."

"काय कळत नाही?"

"काहीच."

मालक आधी हसला. मग माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली.

"मग तुझं इंजिन?"

"कडा बायकोने बघितल्या. लॉकही तिनेच."

"वहिनींना पाठवून दे मग," मालक म्हणाला. कोणी हसलं नाही. त्याने मान खाजवली. "केसचं तोंड कोणी घासलं?"

"मी."

"एकट्याने?"

"घासलं एकट्याने."

मालकाने कोपऱ्यात बोट दाखवलं. तिथे चार इंजिनांच्या केस पडल्या होत्या. शेजारी मोठा ग्राइंडर होता. "मग तेवढंच कर. कडा बघायला माझी माणसं आहेत."

मी म्हटलं, "अरे, डॉक्टरने लिहून दिलंय, याच्या हातात ग्राइंडर..."

"मिस्त्री," पक्कड म्हणाला, "तो कागद कारखान्याचा होता."

तो कोपऱ्यात गेला. स्टूल ओढलं. पहिली केस उचलली आणि तोंडावरची रेघ उजेडाकडे धरून पाहिली. मी काहीतरी बोलायला हवं होतं. ग्राइंडर सुरू झाला, मग बोलून उपयोग नव्हता.

घरी येऊन वहिनींना सांगितलं. त्या बाहीला टाचण्या लावत होत्या.

"किती तास?"

"मालक चार म्हणालाय."

"चारच?"

"म्हणालाय तरी."

"तुम्ही होतात ना तिथं, भावजी?"

"होतो."

त्यांनी पुढची टाचणी लावली, मग त्यापुढची. बाही संपली. त्यांनी ती मशीनवर घेतली आणि शिलाई सुरू केली. मी थोडा वेळ दारात उभा राहिलो आणि माझ्या खोलीत गेलो.