साहेबाचं पाणी

घागरीवरल्या ओल्या फडक्याचा वास आला आन् आज मला माझा पाचवीचा वर्ग आठवला.

तवा दुष्काळ होता. लातूर जिल्हा नुकताच झालेला, आन् नव्या जिल्ह्याचे साहेब आमचं इंग्रजी तपासायला आलते. गुरुजींनी दुकानदाराच्या महानंदाला पुढं बसवलं. मला म्हणले, "तू टँकरवर जा, साहेबाला पाणी लागंल."

घागर घेऊन पळत आले तर महानंदा फडाफडा बोलत होती. तिच्या तेल लावलेल्या वेण्यासुद्धा मला बघवेनात. मलाबी सगळं येत होतं, पण कुणी इचारलंच न्हाई. मी पेला भरताना ती हळूच म्हणली, "सांडू नको गं, पाणीवाली."

पुढच्या साली माझी शाळा सुटली.

काल लेकीच्या बाई म्हणल्या, "उद्या इंग्रजीची तपासणी हाय. तुमची पोरगी पाणी द्यायला ठेवू."

मी लगेच म्हणले, "बाई, पाणी मी आणते. तिला आत बसवा."

आता घागर घेऊन खिडकीपाशी हुभी हाय. आत लेक बोलतीय. लई गोड वाटतंय. आन् खरं सांगू, तिचाबी हेवा वाटतोय.