उपाशी पट्टा

केवळाबाईच्या दारातून कोणी उपाशी गेलं, असं रेणापूरकडच्या त्या गावात अजून कोणी ऐकलेलं नाही. दारात माणूस येवो नाहीतर दुसऱ्याची चुकलेली शेळी, बाई आधी खायला घालणार आणि मग चौकशी करणार. याच गुणानं त्या हिवाळ्यात तिचा घात व्हायची वेळ आली होती.

प्रश्न विहिरीजवळच्या मळ्याचा होता. केवळाबाईला तिथं आपल्या म्हशींसाठी चारा हवा होता आणि तिचा नवरा शेषेराव उसासाठी हटून बसला होता. युरियाशिवाय चारा येतच नाही, हे त्याचं पालुपद. सून तनुजा लातूरला कृषी महाविद्यालयात शिकवते. तिनं सांगितलं, बरसीम नावाच्या घासाच्या मुळांवर गाठी असतात, त्यांतले जिवाणू हवेतलं नत्र धरून पिकाला देतात. शेषेराव म्हणाला, मोजून दाखव. पटलं तर मळा म्हशींचा, नाहीतर ऊस.

तनुजानं दोन पट्टे पाडले. एकात ओट हे चाऱ्याचं गवत आणि बरसीम जोडीनं, दुसऱ्यात नुसता ओट. खत कुणालाच नाही. कापणीनंतर दोन्हीकडच्या चाऱ्यातलं नत्र तपासायचं. जोडीच्या पट्ट्यात जेवढं जास्त भरेल, तेवढं हवेतून आलं असं धरायचं. नुसत्या ओटाला तिनं नाव दिलं ‘उपाशी पट्टा’. पोरगी चुकली ती इथंच. या सासूपुढं हा शब्द काढायचा नसतो.

येळवस, म्हणजे वेळा अमावास्येचा शेतातला सण, आली. केवळाबाईनं रानभर आंबील शिंपडली, गावजेवण घातलं आणि पिवळा पडलेला उपाशी पट्टा तेवढा तिच्या नजरेत खुपला. दुसऱ्या दिवसापासून गोठा धुतलेलं शेणामुताचं पाणी ती गुपचूप तिकडं ओतू लागली. ओटानं रंग धरला तसा तनुजाला संशय आला.

“आत्याबाई, याला काय घालताय?”

“गोठ्यातलं पाणी. सणासुदीला ते पीक उपाशी बघत व्हतं माझ्याकडं. मला न्हाई ऱ्हावलं.”

शेषेराव पोट धरून हसला. मोजणी बाटली, आता उसाचं बेणं आणतो म्हणाला. केवळाबाईच्या तोंडचं पाणी पळालं. म्हशींच्या मळ्यावर तिनं अक्षरशः स्वतःच्या हातानं पाणी सोडलं होतं. रडू आलं तिला.

तनुजा मात्र थोडा विचार करून सासऱ्याकडं वळली. “मामा, आत्याबाईंनी खाऊ घातलं ते तुमच्या बाजूला, बरसीम नसलेल्या पट्ट्याला. तरीबी आमची बाजू वर निघाली, तर?”

आता माघार कशी घेणार? शेषेरावानं मान डोलावली. दोन्ही पट्टे कापले, वजनं केली, नमुने वाळवून तपासायला गेले.

निकाल तनुजानं अंगणात वाचून दाखवला. जोडीच्या पट्ट्यातलं नत्र उपाशी पट्ट्याच्या दीडपट भरलं होतं. तो चोरून जेवूनसुद्धा हरला होता आणि खरा फरक याहून मोठा असणार, हे तिनं समजावून सांगितलं. केवळाबाईला आनंदानं काय करावं सुचेना. तिनं आधी सुनेची दृष्ट काढली.

शेषेराव हटवादी असला तरी शब्दाचा पक्का. त्यानं मुकाट बेणेवाल्याला फोन लावून नको म्हणून कळवलं. मळा तुझा, म्हणाला.

“ह्यो तर झालाच,” केवळाबाई म्हणाली. “वरच्या रानातला ऊस निघाला की तिथंबी बरसीम लावायचं.”

शेषेराव काही बोलणार, एवढ्यात तीच पुढं म्हणाली, “मोजायचं आसंल तर मोजा खुशाल. पुढल्या सालीबी तुमच्या बाजूला मीच खाऊ घालते.”