घंटागाडीतली सरपंच
आमचं गाव पनवेल महानगरपालिकेत गेलं आणि ग्रामपंचायत बरखास्त झाली. माझी आत्या तेव्हा सरपंच होती. पद गेल्यावर ती घराबाहेर फारशी पडेना. मग एका सकाळी पालिकेची घंटागाडी पहिल्यांदा गावात आली आणि आमच्या दाराशीच थांबली. पुढची आळी कुठून गाठायची, ते ड्रायव्हरला कळेना.

"थांब बाबा, गल्ल्या मला पाठ हायत," म्हणत आत्या थेट केबिनमध्ये चढून बसली.

खिडकीतून ती घराघराला हाका मारू लागली, "अगो, ओला-सुका वेगळा केलास का?" बायका हसत, बादल्या घेऊन धावत आल्या. आत्या उतरली तेव्हा तिचा चेहरा फुलला होता.

ड्रायव्हर म्हणाला, "मावशी, उद्या पण या."

ती आठवडाभर रोज गेली.